उबेर्लिंदाचे पिवळ्या पायांचे टेहळे

उबेर्लिंदा पावेसचं आणि माझं कधीच पटलं नाही, हे आधीच सांगून टाकते. नाहीतर पुढं कुठं तिचं कौतुक निघालं, तर तुम्हाला वाटेल की मैत्रिणीनं मैत्रिणीवर लिहिलंय. पिएद्रा रोंकाच्या काठावर चाळीस वर्षं आमच्या झोपड्या शेजारी शेजारी आहेत. मधे एक पत्र्याची भिंत. तिचं घोरणं मला पाठ आहे आणि माझा खोकला तिला.

ती कोचायुयो कापते आणि मी वाळवते. खडकाला धरून वाढणारी, चामड्याच्या पट्ट्यासारखी जाड समुद्रवेल ती. ओली असताना एक भारा उचलायला दोघं लागतात, वाळली की तोच भारा काखेत मावतो. उबे कापून काठावर आणून टाकते, मी ती वर उतारावर पसरते, उलटते, सोनेरी झाली की जुड्या बांधते. ती म्हणते मी जुड्या वाकड्या बांधते. मी म्हणते ती वेल मुळासकट ओरबाडते. आमच्याकडे कापणाऱ्याला ही शिवी समजतात. दोन्ही आरोप खोटे आहेत, पण चाळीस वर्षं बोलायला काहीतरी विषय लागतो.

उबे अडुसष्ट वर्षांची. बुटकी, रुंद, पायांनी जरा फेंगडी. अंगात नवऱ्याचा जुना रबरी पोशाख, त्याला गुडघ्यांवर सायकलच्या ट्यूबची ठिगळं. पाण्यात उतरण्याआधी ती न चुकता लाल लिपस्टिक लावते. एकदा मी विचारलं, "कुणाला दाखवायचंय गं?" तर म्हणाली, "समुद्राला. रोज तोंड दाखवायचं तर नीट दाखवावं."

आमच्याकडे कापणारा एकटा उतरत नाही. एक खाली कापतो आणि दुसरा वर कपारीवर उभा राहून समुद्रावर नजर ठेवतो. मोठी लाट दिसली की तो ओरडतो, "आली!" आणि खालच्यानं हातातलं टाकून वर चढायचं. या वरच्या माणसाला आम्ही टेहळ्या म्हणतो. तो बहुधा घरातलाच असतो, कारण दुसऱ्याच्या जिवासाठी दोन तास वाऱ्यात उभं राहायला तसंच नातं लागतं. उबेचा टेहळ्या तिचा नवरा बाउदिल्यो होता. एकतीस वर्षं त्यानं ते काम केलं. मग नऊ वर्षांपूर्वी एका हिवाळ्यात न्यूमोनियानं गेला, घरात, पलंगावर. मुलं उत्तरेत तांब्याच्या खाणीत आहेत. एक चुलतभाऊ टेहळ्या म्हणून उभा राहिला, तो तिसऱ्या दिवशी उभ्या उभ्या झोपला. उबेनं त्याला घरी पाठवलं आणि एकटी उतरायला लागली.

म्हणजे लोक म्हणायचे एकटी. ती म्हणायची, "एकटी कुठं? लाटपळे आहेत की."

लाटपळ्या पाखरू पारव्याहून थोडं लहान, ठेंगणं, राखाडी. पाय पिवळे आणि चोच आखूड. खडकावर बसलं तर खडकाचाच तुकडा वाटतं. उडालं की मात्र शेपटीचं पांढरं लखकन दिसतं. जिथं लाट सगळ्यात जोरानं आपटते, तिथंच यांचं ताट वाढलेलं असतं. बारीक शिंपले, खडकाला चिकटलेले किडे, काय मिळेल ते. लाट आली की वर, गेली की खाली, दिवसभर हाच उद्योग. सप्टेंबरात येतात, मार्च संपता संपता जातात.

उबेनं त्यांचा अभ्यास केला होता. मला ती हे शाळेतल्या बाईंसारखी सांगायची. "लहान लाट असली की पळतात, मोठी असली की उडतात. बाहेरच्या खडकावरचे आधी उडतात, मग मधल्यावरचे. बाहेरचे उडाले की मला सहा आकडे मोजेपर्यंत वेळ मिळतो. पळाले तर काप, उडाले तर चढ."

"पाखरांच्या भरवशावर जीव टाकतेस?" मी म्हणायची.

"एकतीस वर्षं बाउदिल्योच्या भरवशावर टाकला. तो मधेच सिगारेट पेटवायला वळायचा. ही निदान ओढत तरी नाहीत."

तीन वर्षांपूर्वी सान्तियागोहून पक्ष्यांचा अभ्यास करणारी एक मुलगी दुर्बीण घेऊन आली होती. तिनं सांगितलं की हे लाटपळे तिकडच्या उन्हाळ्यात पार वर, अलास्काच्या डोंगरमाथ्यांवर जातात. तिथं झाड उगवत नाही, नुसते दगड आणि शेवाळ. त्या दगडांतच अंडी घालतात. नवराबायको आळीपाळीनं त्यांवर बसतात. एखादं मोठं हरीण चरत चरत अगदी अंगावर आलं तरी पाखरू हलत नाही. पाऊल पडणार, तेवढ्यात फडफडत थेट त्याच्या तोंडावर उडतं, आणि एवढं धिप्पाड हरीण घाबरून बाजूला होतं. ही गोष्ट उबेला इतकी आवडली की तिनं त्या मुलीला दोनदा सांगायला लावली. नवरा अंड्यांवर बसतो हे ऐकून तर तिचं हसू थांबेना. "बाउदिल्यो खुर्चीवरसुद्धा कधी नीट बसला नाही," असं म्हणून डोळे पुसत होती.

तर असं चाललं होतं, आणि मग नियम आला.

दर वर्षी नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी आमच्या युनियनच्या हॉलमध्ये खडकांच्या चिठ्ठ्या निघतात. आमचा सगळा किनारा पट्ट्यांत वाटलेला आहे. पिठाच्या पिशवीत चिठ्ठ्या टाकायच्या, ज्यानं त्यानं हात घालून आपली काढायची, आणि त्या हंगामात तोच पट्टा कापायचा. भांडण नाही, वशिला नाही. पण पिशवीत हात घालायलाच मिळाला नाही, तर त्या वर्षी तुम्हाला समुद्र नाही. मग उतारावर बसून दुसऱ्यांची वेल उलटत बसायचं. म्हणजे उबेला माझ्याबरोबर बसावं लागलं असतं! तिनं त्यापेक्षा पोशाखाशिवाय समुद्रात उडी घेतली असती.

युनियनचा अध्यक्ष ओलेगारियो. पंचेचाळिशीचा, सरळ माणूस, फक्त कागद हातात आला की फार ताठ होतो. त्याच्या बाप्तिस्म्याला त्याला हातात धरलं होतं ते उबेनं, म्हणून तो तिला माद्रिना म्हणतो आणि आईसारखाच घाबरतो. त्या वर्षी शेजारच्या काठावर एक माणूस टेहळ्या नसताना उतरला आणि दोन्ही पाय मोडून बाहेर आला. तेव्हा आमच्या युनियननं ठरवलं, प्रत्येक कापणाऱ्यानं टेहळ्याचं नाव वहीत लिहायचं आणि टेहळ्यानं सही करायची. नाव नाही तर चिठ्ठी नाही.

चिठ्ठ्यांच्या दोन आठवडे आधी सभा झाली. ओलेगारियो एकेकाला उभं करून विचारत होता. उबेची पाळी आली. वयानं मोठ्या बाईला आमच्याकडे मानानं दोन्या म्हणतात.

"दोन्या उबेर्लिंदा पावेस. टेहळ्याचं नाव?"

"लिही, लाटपळे."

हॉल हसायला लागला. मागून कुणीतरी ओरडलं, "सगळ्यांची नावं घ्या, अध्यक्ष! आडनावासकट!" दुसऱ्यानं विचारलं, "सहीला चोचीचा ठसा चालेल का?"

ओलेगारियोचे कान लाल झाले. "माद्रिना, हसण्यावारी नेऊ नका. माणूस पाहिजे. तोंड असलेला."

"त्यांना तोंड आहे. आपल्यातल्या बऱ्याच जणांपेक्षा कमी चालतं, एवढंच."

"आणि ती गेल्यावर? एप्रिलात हंगाम चालू असतो, पाखरं कुठं असतात?"

"एप्रिलात मला कधी पाण्यात पाहिलंस? ती गेली की मी पण निघते."

हे खरं होतं. एप्रिल आला की ती चाकू धुऊन ठेवायची. मी नऊ वर्षं समजत होते की तिचे गुडघे बोलतात. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ही बाई दिसते तेवढी बेफिकीर नाही.

ओलेगारियोनं पेन खाली ठेवलं. "माद्रिना, उद्या तुम्हाला काही झालं तर मी आरशात तोंड कसं बघू?"

"आत्ताच कुठं बघतोस? दाढी बघ जरा."

पुन्हा हशा. पण नियम तसाच राहिला. कुणी उठून म्हटलं नाही की दोन्या उबे, मी तुमचा टेहळ्या होतो. प्रत्येकाला आपापलं माणूस होतं, आणि एक टेहळ्या दोघांवर लक्ष ठेवू शकत नाही. माझ्याकडे कुणी बघितलंसुद्धा नाही. मी पाण्याजवळ जात नाही, हे सगळ्या काठाला ठाऊक आहे. सात वर्षांची असताना एका लाटेनं मला काठावरून उचललं होतं आणि आईनं वेणीला धरून ओढून काढलं होतं. तेव्हापासून वाळवणाचा उतार ही माझी हद्द. त्याच्या खाली माझं पाऊल पडत नाही. ओली वेलसुद्धा मला कुणीतरी वर आणून द्यावी लागते.

शेवटी ओलेगारियोनंच तोडगा काढला. शनिवारी ओहोटीच्या वेळी परीक्षा. तो स्वतः उबेबरोबर पाण्यात उतरणार. आमच्यातला सगळ्यात अनुभवी टेहळ्या गुमेर्सिंदो शिट्टी घेऊन कपारीवर उभा राहणार. तीन मोठ्या लाटांना पाखरं शिट्टीच्या आधी उडाली, तर तो वहीत लाटपळे असं स्वतःच्या हातानं लिहिणार. नाहीतर माद्रिनानं मुकाट्यानं चाकू ठेवायचा.

"कबूल," उबे म्हणाली, आणि मला आठवतंय, तिनं पदक मिळाल्यासारखं चौफेर पाहिलं.

शनिवारी सगळी वस्ती लोटली. जत्राच म्हणा ना. कुणी एम्पानादांची, म्हणजे खिमा भरलेल्या करंज्यांची टोपली आणली, कुणी माते नावाच्या कडू चहाचा थर्मास, कुणी गिटार. कुत्री तर न बोलावता आली. उबे लिपस्टिक लावून, पोशाख चढवून, चाकू कमरेला खोचून खडकावर आली तेव्हा टाळ्या पडल्या. तिनं समुद्राकडे पाहिलं आणि ती मटकन खाली बसली.

एकही लाटपळ्या नव्हता. एवढी माणसं आणि कुत्री बघून थांबायला ती काय वेडी आहेत?

"चला, माद्रिना," ओलेगारियो पाण्यातून म्हणाला. तो कधीच उतरला होता.

"माझी माणसं अजून कामावर आली नाहीत," उबे म्हणाली.

लोक हसले. अर्धा तास गेला. लोकांनी एम्पानादा खाल्ल्या. आणखी अर्धा तास गेला. गिटारवाल्याची बोटं गारठली. माझ्या उताराशी कुणीतरी म्हणालं, "घाबरली म्हातारी." मी वर उतारावर माझी वेल उलटत होते, मला ते ऐकू आलं, आणि खरं सांगते, माझ्या डोक्यात तिडीक गेली. तिला मी काहीही म्हणेन, तो माझा हक्क आहे. या लोकांना कुणी दिला?

ओहोटी संपायला फार तर तासभर उरला होता. पाणी चढायला लागलं की परीक्षा संपली, आणि परीक्षा न देणं म्हणजे नापास होणं. उबे मांडी घालून बसली होती, जशी बसस्टॉपवर बसावी. एकेक करून लोक कंटाळले, वारा वाढला तसे जेवायला हॉलकडे निघाले, कुत्री टोपल्यांच्या मागं गेली. शेवटी खाली तिघंच राहिले. उबे, पाण्यात कुडकुडणारा ओलेगारियो आणि कपारीवर गुमेर्सिंदो, त्याच्या गळ्यात शिट्टी आणि हातात थर्मास.

मग बाहेरच्या खडकावर दोन आले. मग पाच. बघता बघता अकरा झाले आणि लाटेबरोबर वरखाली पळायला लागले.

"आले गं बाई," उबे उठत म्हणाली. "उशीर झाला म्हणून पगार कापायचा नाही, ओलेगारियो, सांगून ठेवते." आणि उतरली.

पहिल्या मोठ्या लाटेला पाखरं उडाली, उबे चढली, मग शिट्टी वाजली. दुसऱ्या लाटेला पाखरं आणि शिट्टी एकदमच. गुमेर्सिंदो म्हणाला शिट्टी आधी, उबे म्हणाली पाखरं आधी, आणि दोघांनी वरून खालून एकमेकांची कुळं काढली. पाणी चढायची वेळ जवळ येत होती. तिसरी लाट काही येईना. उबेला एक मनगटाएवढी जाड वेल सापडली होती. ती तिच्यावर ओणवी झाली, समुद्राकडे पाठ करून. चाकू अर्ध्यात अडकला. ओलेगारियो तिच्या शेजारी वाकून म्हणत होता, "असा नाही, माद्रिना, तिरका धरा," आणि ती म्हणत होती, "तुला बाटलीनं दूध पाजलंय मी, मला चाकू शिकवतोस?" वर गुमेर्सिंदो वाऱ्याकडे पाठ करून थर्मासमधून माते ओतत होता.

आणि बाहेरच्या खडकावरचे अकराच्या अकरा उडाले.

त्या किनाऱ्यावर ते पाहणारं कुणी नव्हतं. उबे वाकलेली, ओलेगारियो वाकलेला, टेहळ्या पाठमोरा. मी मोजायला लागले होते. एक. दोन. आणि मग माझ्या तोंडून असा आवाज निघाला की तो माझा आहे हे मला नंतर कळलं.

"उडाले! उबे, उडाले! चढ!"

तिनं वळून पाहिलंसुद्धा नाही. चाकू तिथंच सोडला, ओलेगारियोच्या पोशाखाची मानेवरची टोपी मुठीत धरली आणि त्या सहा फुटी माणसाला मांजराच्या पिल्लासारखं ओढत वर चढली. लाट आली. ज्या जागी दोघांची डोकी होती तिथं हिरवंगार पाणी उभं राहिलं, फुटलं, फेस कपारीपर्यंत उडाला. गुमेर्सिंदो नखशिखांत भिजला आणि त्याचा थर्मास गेला. मग त्यानं शिट्टी वाजवली. त्याला त्याबद्दल अजून चिडवतात.

माझ्या जिवात जीव आला तेव्हा मला जाणवलं की माझे पाय गार पडलेत. खाली पाहिलं तर मी घोट्यापर्यंत पाण्यात उभी होते. उतार कधी सोडला, खडकांवरून कशी धावले, काही आठवत नाही. पाहिल्याबरोबर माझी पाचावर धारण बसली आणि मी जवळचा दगड असा घट्ट धरला की ओलेगारियोला येऊन माझी बोटं सोडवावी लागली.

"झुनिल्दा," तो धापा टाकत म्हणाला, "तुम्हाला कसं कळलं?"

"उडाले ना. पळाले असते तर मी कशाला ओरडले असते?"

"पण तुम्ही हे बघताय केव्हापासून?"

"बघायला मला काय दुसरी कामं नाहीत? वेल उलटताना नजर जाते कधीमधी."

उबे खडकाला टेकून बसली होती. लिपस्टिक हनुवटीपर्यंत फराटली होती. "तरीच," ती म्हणाली. "नऊ वर्षं हिचं वाळवण एका अंगानं करपतंय. मला वाटायचं आळशी आहे."

खरंच होतं ते. बाउदिल्यो गेल्यापासून ती पाण्यात उतरली की मला वेल उलटायचं सुचतच नसे. मी त्या पाखरांकडे बघत बसे. ती वर आली की मगच माझे हात चालायला लागत. इतक्या लांबून ओरडून काही उपयोग होणार नाही हे मला कळत होतं, तरी बघायची. याला काय म्हणायचं ते मला ठाऊक नाही. आमचं पटत नाही, एवढंच ठाऊक आहे.

ओलेगारियोनं हॉलमध्ये निकाल सांगितला तो असा. पाखरं हुशार, पण त्यांना ओरडता येत नाही. शिट्टी ओरडते, पण तिला दिसत नाही. म्हणून नियम कायम. माणूस पाहिजे. एवढं बोलून तो कागद उलटेपालटे करत राहिला. माझ्याकडे मुद्दाम पाहिलं नाही त्यानं. उबेनंही पाहिलं नाही. ती मला विचारणार नव्हती, जीव गेला तरी. आणि न विचारता मी सांगणार नव्हते. चिठ्ठ्यांना आठ दिवस उरले होते, आणि ते आठही दिवस आम्ही दोघी जुड्यांबद्दल भांडत राहिलो.

चिठ्ठ्यांच्या आदल्या संध्याकाळी मी पाव भाजत होते. पत्र्यावर टकटक झाली.

"झुनिल्दा."

"काय गं?"

"पाय सुकले का तुझे?"

"कधीच सुकले."

मग पुन्हा आवाज आला. "त्या कपारीवर वारा फार असतो. बाउदिल्यो कानावरून लोकरीची टोपी ओढून घ्यायचा."

"मी विचारलं का तुला?"

"नाही गं. आपलं सांगितलं."

पाव करपला. मी तो तसाच खाल्ला आणि झोपायच्या आधी पेटी उपसून लोकरीची टोपी शोधून काढली. मला भीती वाटत होती. आणि मला जायचंही होतं. दोन्ही खरं होतं, मी काय करू?

रविवारी हॉल खच्चून भरला होता. ओलेगारियोनं वही उघडली. "दोन्या उबेर्लिंदा पावेस. टेहळ्याचं नाव?"

उबे उभी राहिली आणि गप्प राहिली. मी तिला चाळीस वर्षांत गप्प पाहिलं नव्हतं. हात पोशाखाच्या खिशात शोधावं तसा घागऱ्याच्या घडीत काहीतरी शोधत होता. ती कुठंही बघत नव्हती. मग मी उठले. त्या घामट हॉलमध्ये डोक्यावर टोपी घालूनच उठले, म्हणजे कुणाला काही समजवायला नको.

"झुनिल्दा कारेन्यो," मी म्हणाले. "इकडं आण ते पेन. आणि लाटपळ्यांचं नावही खाली लिही. मी बघणार ती त्यांच्याकडेच बघणार, समुद्राकडे बघायला मला सांगू नकोस. मला घेरी येते."

कुणी हसलं नाही. ओलेगारियोनं माझं नाव लिहिलं, त्याच्याखाली पाखरांचं लिहिलं, आणि मी सही केली. अक्षर वाकडं आलं, पण वाचता येतं.

मग उबेनं पिशवीत हात घातला. चिठ्ठी काढली, उघडली, ओलेगारियोला दाखवली. त्यानं वाचलं आणि कपाळाला हात लावला. "सात."

हॉलभर "अरेरे" झालं. सात नंबरचा पट्टा म्हणजे पार टोकाचा, तिथं लाट दोन्ही बाजूंनी फुटते. तो कुणालाच नको असतो. दोघा-तिघांनी लगेच आपली चिठ्ठी बदलून द्यायची तयारी दाखवली, गुमेर्सिंदोनंसुद्धा.

उबेनं कुणाकडे लक्ष दिलं नाही. ती माझ्याजवळ आली, अगदी कानाशी.

"सातवर किती असतात?"

"मागच्या वर्षी बेचाळीस होते," मी म्हणाले. "त्यात एक लंगडा."

"लंगडा यंदा आलाय का?"

"आलाय. सप्टेंबरातच आला."

तिनं चिठ्ठीची घडी घातली, माझ्या टोपीत खोचली आणि सगळ्यांना म्हणाली, "आम्हाला सातच चालेल."